जपानचा सिनेमा आणि निपाणीतली भांडणं

मी पोटासाठी खोटं बोलत असे. तेही भर तंबूत, शे-दोनशे बायकांसमोर, मोठ्या आवाजात. त्याबद्दल मला पगार मिळायचा. तो वकिलांनाही मिळतो म्हणा, पण त्यांना काळा कोट घालावा लागतो. माझं अबोलीच्या गजऱ्यावर भागायचं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी आपल्या नोकरीबद्दल लिहा असं कळवलं, तेव्हा घरातली सगळी हसली. आजीनं कधी नोकरी केली होती, हे नातवंडांना ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, केली होती, आणि तुमच्या बापाच्या नोकरीपेक्षा जास्त टाळ्या पडायच्या. आता ती नोकरी जगात कुठंच उरलेली नाही, म्हणून आधी ती काय होती ते सांगते.

तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसं तोंड हलवायची आणि मधेच अक्षरांची पाटी यायची. पाटी इंग्रजी असो की मराठी, निपाणीच्या तंबूत ती वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर. म्हणून पडद्याशेजारी एक माणूस उभा करून काय चाललंय ते सांगायला लावायचे. आमच्या तंबूत हे काम केशवमास्तर करायचे. हातात पत्र्याचा कर्णा, गळ्यात उपरणं, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘रसिकहो’. तंबूच्या मधोमध तंबाखूची रिकामी पोती शिवून पडदा टांगलेला. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. निपाणीची पोती ती. पडद्याला नुसता धक्का लागला तरी पाच-पंचवीस जणी एकदम शिंकायच्या.

पुढं बायकांनी तक्रार केली, की मास्तर गोष्ट सांगताना पडद्याच्या फटीतून आमच्याकडं बघत्यात. तंबूचे मालक आदाप्पा, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, जैन गृहस्थ, हिशोबी आणि अब्रूला जपणारे. त्यांनी ठरवलं, बायकांच्या बाजूला बाईच हवी. माझे मामा तंबूत पेटी वाजवायचे. त्यांची भाची सोना मराठी चौथी शिकलेली, चिकोडीत वाढल्यामुळं कानडीही बोलते, आणि तिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं, एवढी पात्रता अण्णांना पुरली.

अशी मी ‘सांगणारी’ झाले. वय अठराच्या आसपास. डोक्यात हवा इतकी, की तंबूची दावी सुटली असती तर मी एकटीनं तो उडवून नेला असता. आवाजासाठी वेलदोडा चघळायची. रस्त्यानं जाताना मान जराही वळवायची नाही, म्हणजे लोकांना मी नीट दिसावी. लोक बघायचेही. गजरा कानावर लोंबत असायचा म्हणून बघायचे, हे मला फार उशिरा कळलं.

धंद्याचं मर्म एकच, थांबायचं नाही. समजो न समजो, बोलत राहायचं. घोड्यावरचा माणूस राजपुत्र, मिशीवाला त्याचा कपटी मामा. प्रत्येक सिनेमात मामा कपटीच निघतो हे माझ्या पेटीवाल्या मामांना फार लागायचं. मग ते माझ्या ऐन विनोदाला मुद्दाम रडका सूर धरायचे.

बायकांच्या बाजूला नुसतं सांगून भागत नसे, उत्तरं द्यावी लागत. तंबाखूच्या वखारीत दिवसभर पानं निवडून आलेल्या बाया त्या. शेंगा फोडत, पोरं थोपटत विचारायच्या, ‘सोने, ह्येची आई कुठं हाय?’ ‘ही चुलीवर दूध ठिऊन आलीया, उतू जाईल न्हवं?’ दूध उतू गेलं नाही असं मी स्पष्ट सांगेपर्यंत राजपुत्राला मरताही येत नसे.

आणि मग कोल्हापूरहून मोटारीनं आलेल्या ट्रंकेत एकदा भलताच सिनेमा निघाला. मागवला होता मारामारीचा. डब्यावरची चिठ्ठी पाण्यानं पुसलेली, आणि आतल्या पाट्या अशा, की झाडाच्या काटक्या वाऱ्यानं विस्कटून पडाव्यात. केशवमास्तरांनी चष्मा पुसला, फिल्मची पट्टी उलटी धरून पाहिली आणि निर्णय दिला, ‘जपानी.’

अण्णा म्हणाले, ‘परत धाडायला येळ न्हाय. उद्या बाजार हाय. लावा.’

‘पण पाट्या कोण वाचणार?’ मास्तरांनी विचारलं.

‘आजवर कुठं वाचत हुता मास्तर?’ मामा पेटीमागून म्हणाले.

तर तो सिनेमा. राजा नाही, घोडा नाही, राक्षस नाही. एक साधं घर. एक तरुण माणूस, एक तरुण बाई, एक म्हातारी. बसून जेवतात, तेही दोन काड्यांनी. बायकांनी लगेच विचारलं, काड्या कशाला? मी सांगितलं, नवस बोललाय, वर्षभर अन्नाला हात लावायचा नाही. पलीकडं मास्तरांनी सांगितलं, गरिबी आहे. पुरुषांना गरिबी लगेच पटते, बायकांना नवस.

मग तो माणूस सकाळी पायरीवर बसून वहाणांचे बंद बांधत असतो, आणि लांबून एक गडी धावत येतो. काहीतरी सांगतो. बस्स. त्यानंतर त्या घरात काहीच पहिल्यासारखं राहत नाही. माणूस बोचकं घेऊन निघून जातो. बाई दारात उभी राहते. पाऊस होतो, बर्फ पडतं, ती उभीच. शेवटच्या रिळात ती पांढरंशुभ्र नेसून, डोकं पांढऱ्यानं झाकून, मान खाली घालून बसलेली. शेजारी काळ्या कपड्यांतला एक पुरुष. म्हातारी बाईच्या डोक्यावरचं वस्त्र नीट करते, सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करतात, आणि सिनेमा संपतो.

पांढरं नेसून मान खाली घातलेली बाई आमच्या मुलखात एकच. मी क्षणाचा विचार न करता गळा काढला, ‘हाय रे दैवा, बाई विधवा झाली.’ मामांनी पेटीवर असा सूर लावला की पुढच्या रांगेत चौघी रडायला लागल्या. मग मला तो काळ्या कपड्यांतला पुरुष दिसला. हा कोण? आम्हाला तेव्हा सगळे जपानी एकाच चेहऱ्याचे दिसत. त्यांना आम्हीही तसेच दिसलो असतो. मी ठोकून दिलं, ‘आणि पाहा बायांनो, मेला म्हणून जिचं कुंकू पुसलं, तिचा नवरा परत आला.’ टाळ्या, शिंका, सगळं एकदम.

पलीकडं मास्तरांनी त्याच क्षणी कर्ण्यातून जाहीर केलं होतं, की रसिकहो, हा दुसरा पुरुष आहे आणि ही विधवा पुनर्विवाह करीत आहे. आणि खुद्द अण्णा, तंबूच्या दारात उभे राहून, शेजारच्या माणसाला सांगत होते की बाईनं दीक्षा घेतलेली दिसतीया, बरं झालं.

त्या दिवशी निपाणीत चुली उशिरा पेटल्या. नवरे म्हणत, तो दुसरा होता. बायका म्हणत, तोच होता. ‘तुमाला परक्या बाईचा नवरा ओळखता येतोय, सवताची वहाण ओळखता येत न्हाय,’ असं एका घरातून रस्त्यावर ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्ष खात्री करायला पुन्हा आले. मी त्या वाढलेल्या गर्दीचा अर्थ माझ्या गळ्याला लावला आणि गजरा दुप्पट केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काशीनं मला वखारीच्या दारात गाठलं.

काशी माझ्याच वयाची, आमच्या गल्लीतली. तिचा नवरा तुकाराम मुंबईला जाऊन बोटीवर कोळसा मारायच्या कामाला लागलेला. पत्रं यायची बंद झाली. मग एक दिवस मुंबईहून आलेला एक माणूस धावतच तिच्या दारात आला आणि सांगून गेला, की बोट बुडाली. त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. तुकारामची आई तानूमावशी ते मानायला तयार नव्हती. रोज सकाळी ती सुनेच्या कपाळावर कुंकू आहे ना, हे स्वतः बघायची. काशीला आता एक स्थळ आलं होतं, मारुती नावाचा, तंबाखूचे गठ्ठे वाहणारा चिकोडीकडचा गाडीवान, बायको वारलेला. काशीच्या मनात तो भरला होता. अशा लग्नाला आमच्याकडं पाट म्हणतात, कानडी माणसं उडकी म्हणतात. त्याला पंच बसतात आणि सासरच्यांनी पंचांपुढं ‘आमची हरकत न्हाय’ म्हणावं लागतं. महिनोन् महिने समजावून तानूमावशी कशीबशी तयार झाली होती. पंच परवा बसायचे होते.

काशी म्हणाली, ‘सोने, माझ्या नवऱ्याला कुठनं आणलंस गं परत?’

‘तुझ्या न्हवं, त्या जपानी बाईच्या.’

‘जपानी बाईची सासू निपाणीत न्हाय. माझी हाय. दोन दिस झालं, पुढच्या रांगेत बसून बघतीया. आता म्हणती, सोनाच्या शिनेमात आला की, मग माझा का येणार न्हाय? पंचांपुढं जात न्हाय म्हणती.’

‘अगं, त्ये खोटं असतंय.’

‘मला ठावं हाय. तिला सांग.’

‘तू सांग की.’

‘मी सांगितलं तर ती म्हणंल, रांडेला नवरा मेलेला पायजे.’ काशीनं डोळ्यातली तंबाखूची धूळ पुसली. निदान मी तरी ती धूळच समजले, कारण मला तेव्हा गजरा सोडून दुसरं काही दिसत नसे. ‘माझा गाडीवान परवापतुर हाय. मग त्येचा भाऊ त्येला दुसरी बघणार हाय. तू त्या बाईचा नवरा पुन्हा मारून दाखीव.’

मी आधी मास्तरांकडं गेले. म्हटलं, आज मला तुमची गोष्ट द्या. मास्तर म्हणाले, ‘कलेत देवघेव नसते.’ मग अण्णांकडं गेले. म्हटलं, दोन्ही बाजूंना एकच गोष्ट सांगायला लावा. अण्णांनी पानाला चुना लावता लावता माझ्याकडं दयेनं पाहिलं. ‘सोनाक्का, नवरा-बायको भांडत्यात म्हणून परत येत्यात. एक गोष्ट केली तर एकदाच येतील. मी खुळा दिसतोय व्हय?’

मग मी ठरवलं, आपणच फिरवायचं. माझ्यासारखीला काय अवघड? दोन वाक्यांत मारते त्याला.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पुढच्या रांगेत तानूमावशी, मांडीवर शेंगांचा पदर, डोळे पडद्याला लावून. काशी मागं, खांबापाशी. जेवण झालं, काड्या झाल्या, गडी धावत आला, बर्फ पडलं. शेवटचं रीळ लागलं. पांढरी बाई आली. मी वेलदोडा गिळला आणि म्हटलं, ‘तर बायांनो, हा तो नव्हे. तो गेला. हा दुसरा.’

मग सगळ्या एकदम.

‘काल आलता की परत.’

‘परवा बी आलता.’

‘एका रातीत मेला व्हय गं?’

‘पुरुषांच्या बाजूची गोष्ट आमाला सांगतीस? मास्तरानं शिकीवलं व्हय?’

आजवर मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं. न उतू गेलेल्या दुधाचंही दिलं होतं. त्या वेळी एकही सुचेना. तेवढ्यात तानूमावशी उठली. शेंगा खाली सांडल्या. ती मला म्हणाली, अगदी हळू, ‘तू गप. त्यो आलाय. मी बघितलंय त्येला.’

पडद्यावर काळ्या कपड्यांतला माणूस मान खाली घालून बसला होता. तानूमावशी त्याच्याकडं अशी बघत होती, की त्यानं नुसती मान वर केली असती तर तिनं त्याला नावानं हाक मारली असती. मी थांबले. धंद्यातलं एकमेव मर्म मोडलं. मामांची बोटंही पेटीवर थबकली. पोत्याच्या पलीकडून मास्तरांचा कर्णा तेवढा ऐकू येत होता.

मग मागून काशी सासूशी बोलली. खांबापासून, जागची न हलता. गळा काढून नाही, वखारीत शेजारणीशी बोलावं तशी.

‘आत्ती, ती नवरी हाय.’

तानूमावशी वळली नाही.

‘लई दिस दारात हुबी हुती. पाऊस बघितला, बरफ बघितलं. आता नवरी झालीया. भ्यालीया, म्हणून मान वर करीना. आणि ती शेजारची म्हातारी तिची सासू हाय.’

‘सासू कशावरनं?’ तानूमावशीनं विचारलं.

‘बघ की. पदर सारका करतीया. दुसरं कोण करंल?’

पडद्यावर म्हातारी बाईच्या डोक्यावरचं पांढरं वस्त्र पुढं ओढत होती, मागं सारत होती. मी तोवर त्या म्हातारीला रोज नवऱ्याची चोंबडी आत्या म्हणून सांगत आले होते.

‘आणि हिचा पोरगा?’ तानूमावशी म्हणाली. ‘ह्या म्हातारीचा पोरगा कुठं हाय?’

कुणी शेंग फोडेना. एक पोर रडायला लागलं, तर आईनं त्याचं तोंड छातीशी धरलं.

‘पोरगा न्हाय आला, आत्ती,’ काशी म्हणाली.

पलीकडून कर्णा गरजला, ‘रसिकहो, आता पाहा...’ आणि आमच्या बाजूची एक जाडजूड वखारवाली पोत्याच्या पडद्याला तोंड लावून म्हणाली, ‘मास्तर, जरा गप बसा की.’ आणि केशवमास्तर, जे स्वतःच्या लग्नातही गप बसले नसतील, ते गप बसले. रिळाचा खडखड आवाज तेवढा राहिला. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला आणि पडदा पांढरा झाला.

तानूमावशी पदर झाडून, पोत्याचा आधार घेत बाहेर गेली. धुळीनं तिला शिंकसुद्धा आली नाही.

पंच बसले तेव्हा मी लांब, कट्ट्याआड उभी होते. ‘आमची हरकत न्हाय’ हे शब्द तानूमावशीला काही केल्या बोलता येईनात. पंचांनी दोनदा विचारलं. शेवटी ती म्हणाली, ‘पाट कवा हाय त्ये सांगा. मी येणार हाय.’ पंच एकमेकांकडं बघायला लागले. पाट गावाबाहेर, सांजेला उरकायचा असतो, आणि सवाष्णींनी तिकडं फिरकायचं नसतं. एक पंच म्हणाला, ‘आक्का, सवाष्णी जात न्हाईत पाटाला.’ तानूमावशी म्हणाली, ‘मी कुठं सवाष्ण हाय? आणि मी सासू हाय.’

ती गेली. मीही चोरून गेले, कारण मला वाटत होतं की सगळं माझ्यामुळं जमलंय. काशी मान खाली घालून बसली होती. तिचा पदर चांगला सारखा होता. तरी तानूमावशीनं तो पुढं ओढला, मागं सारला, आणि पुन्हा पुढं ओढला.

पुढं बोलपट आला. पडद्यावरची माणसं स्वतःच बोलायला लागली आणि काय बोलत होती ते ऐकून वाटलं, यापेक्षा मी बरी होते. अण्णांनी पोत्याचा पडदा काढला, कर्णा मोडीत घातला, मला एक लुगडं दिलं. माझंही लग्न झालं. नवऱ्याला मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, की मला बोलताना मधे थांबता येत नाही. त्यानं ते जन्मभर सोसलं. कधी कधी वाटतं, कान झाकून का होईना, एखादा तरी मुका सिनेमा मी नुसता बघायला हवा होता.

गेल्या वर्षी आमच्या टीव्हीवर एक जपानी मालिका लागायची. साधं घर, साधी माणसं, आणि मधेच काहीतरी घडून सगळं उलटंपालटं. मी मोठ्यानं सांगायला लागायची आणि नात मला गप करायची. एका भागात पांढरंशुभ्र नेसून, डोकं झाकून एक मुलगी बसली. मी म्हटलं, ‘झालं, विधवा झाली.’

नात म्हणाली, ‘आजी, तिकडं नवरीच पांढरं नेसते. लग्न आहे तिचं.’

मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणजे जेवले, पण गप्प. कोणी मेलं नव्हतं, कोणी परत आलं नव्हतं, पुनर्विवाह नव्हता, दीक्षा तर नव्हतीच. जपानात एक साधं लग्न झालं होतं आणि त्यापायी निपाणीतल्या निम्म्या घरांत भांडी आपटली होती.

दुसऱ्या दिवशी मी चिकोडीची मोटार पकडली. काशी आता तिथंच, नातवंडांच्या गराड्यात. दात गेलेत, कान शाबूत आहेत. ओसरीवर टेकायच्या आत मी सांगितलं, ‘काशे, ती इधवा न्हवतीच गं. साधी नवरी हुती.’

काशी सुपारी कातरत होती. ती थांबली नाही. ‘मग मी दुसरं काय म्हणलं हुतं? नवरीच म्हणलं हुतं की. तूच तिला इधवा केलीस, तूच तिचा नवरा आणलास, तूच मारलास.’

मी तिच्यापुढचं पानाचं तबक माझ्याकडं ओढलं.

मग काशीनं विचारलं, ‘आणि त्यो पळत आलेला गडी? त्यानं दारात येऊन काय सांगितलं, त्ये कळलं का टीव्हीवर?’

‘न्हाय. त्यो शिनेमा येगळा, हा येगळा.’

‘लई वर्सं मनात हाय माझ्या, त्यो गडी.’ तिनं सुपारीची खांडं माझ्या हातावर ठेवली. ‘कवा कळलं तर सांग मला.’ मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, ‘न्हायतर नको सांगू. तुझ्याकडनं कळण्यापरीस न कळल्यालं बरं.’